सापाचा कूलर

आमचा दवाखाना जनावरांचा. नवरा डॉक्टर, आणि बाकी सगळं मी: नोंदवही, फोन, औषधांचं कपाट, आत आधी कोण आणि नंतर कोण. पंचवीस वर्षांत आधी म्हशी, शेळ्या, मेंढ्या आल्या, मग कुत्री, मग मांजरं. साप आले ते अलीकडे. देशी नव्हेत. नाग किंवा धामण पिशवीत घालून कुणी आणली, तर मी पायरीवरूनच परत पाठवते. ते पाळणं गुन्हा आहे आणि वनखात्याचा नंबर दारावरच चिकटवलेला आहे. आमच्याकडे येतात ते परदेशी, पेटीत जन्मलेले, नोंदणीचा कागद असलेले. मी कागद आधी बघते आणि साप नंतर. नियम म्हणून तर आहेच, पण तेवढ्यात जरा धीरही गोळा होतो.

कुत्रं आजारी पडलं की मालक एकटा येतो. साप आजारी पडला की दोघं येतात, घेणारा आणि विकणारा, आणि भांडत येतात. कुत्रं कण्हतं, म्हैस चारा सोडते, शेळी तर घर डोक्यावर घेते. साप काहीच सांगत नाही. त्यामुळे त्याच्या वतीनं बोलायला दोघांनाही मोकळं रान मिळतं.

पहिले आले ते कॉलेजात शिकवणारे एक गृहस्थ. "मोतीबिंदू झालेला साप विकला मला," असं त्यांचं म्हणणं. सापाचे डोळे खरंच दुधाळ निळे झाले होते. विकणारा शपथा घेत होता की दुकानात असताना ते काचेसारखे होते. डॉक्टरांनी बघितलं आणि चार दिवस थांबा म्हणाले. पाचव्या दिवशी सापानं कात टाकली. डोळ्यांवरचा पापुद्रा तिच्याबरोबर निघून गेला, डोळे लख्ख. यात डॉक्टरांनी केलं काय, तर काही नाही. पण पुढच्या आठवड्यात त्या गृहस्थांचा फोन आला, "मॅडम, आमच्या आईचंही बघतील का?"

दुसरे पोटात गाठ असलेला साप घेऊन आले. ती गाठ म्हणजे सापाचं जेवण होतं. विकणाऱ्यानं निघताना त्याला फुकट खाऊ घालून पाठवलं होतं, आणि त्या चांगुलपणाबद्दल बिचारा शिव्या खात होता.

तेव्हा मी यादी केली. सापाची तक्रार आली की दोघांना शेजारी बसवायचं आणि प्रश्न विचारायचे, ठरलेल्या क्रमानं. कागद आहे का? घेऊन किती दिवस झाले? शेवटची कात कधी टाकली? शेवटचं खाणं कधी? पेटी काचेची की लाकडी? पाणी कधी बदलता? अशी अकरा वाक्यं, टाइप करून, प्लॅस्टिकमध्ये घातलेली. निम्मी भांडणं चौथ्या प्रश्नालाच मिटायची. मला त्या यादीचा अभिमान होता, हे आधीच सांगून टाकते.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात एका सकाळी साडेनऊला चादरवाले आले. नवी पेठेत त्यांचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे. वय साठीच्या अलीकडे, पांढरा शर्ट, कपाळाला विभूती. छातीशी कोरा उशीचा अभ्रा धरलेला, तोंडाला गाठ मारलेला. सापाला पिशवीपेक्षा अभ्र्यात बरं वाटतं, हवा खेळते; आणि यांच्याकडे अभ्र्यांना तोटा नव्हता. मागोमाग साप विकणारा, मासेवाला. त्याचं मासे आणि काचेच्या टाक्या विकायचं दुकान. पस्तिशीचा, हसरा माणूस. घराणं पूर्वी हातमागावर काम करणाऱ्या तेलुगू विणकरांचं. त्या दिवशी हसत नव्हता.

"अक्का," चादरवाले म्हणाले आणि अभ्रा टेबलावर ठेवला. "पाप!"

मी वही उघडली आणि तक्रारीच्या रकान्यात लिहिलं, 'विकणाऱ्याचं पाप.'

मासेवाल्यानं उलट्या बाजूनं वाचलं. "अक्का, खोडा ते. मालक कानडीत बोलायलेत. कानडीत पाप म्हणजे बिचारा. सापाला म्हणतेत त्ये. आमच्या तेलुगूत बी पापमच म्हणतेत."

माझं माहेर साताऱ्याकडचं. इतकी वर्षं सोलापुरात काढली, पण माझी कानडी भाजीबाजारापुरती. मी चादरवाल्यांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली. मी खोडलं आणि अभ्र्याची गाठ सोडली.

आत आफ्रिकेतला छोटा अजगर होता, मनगटाएवढा जाड, तपकिरी, अंगावर पिवळट ठिपके. या जातीचा साप घाबरला की चेंडूसारखं वेटोळं करून डोकं आत लपवतो. यानं ते केलं नव्हतं. मान वर, तोंड किंचित उघडं, नाकाशी बुडबुडा. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची, कुकरची शिट्टी व्हायच्या आधी वाजते तशी.

"सर्दी झालीय," चादरवाले म्हणाले. "आनि ती ह्याच्या दुकानातनं झालीय. एवढं ह्यानं कबूल करावं. बास, दुसरं काय नको मला."

डॉक्टर सकाळीच वळसंगला गेले होते, मेंढ्यांना लस टोचायला. परत यायला अकरा तरी वाजणार होते. माणसं अशी तापून आली की मी त्यांना आतल्या बाकावर बसवते आणि कूलर लावते. उकाड्यानं डोकी भडकतात, हा माझा अनुभव. दोघं दोन टोकांना बसले. मधे अभ्रा. मी यादी काढली.

उत्तरं चोख होती. कागद होता. घेऊन चार महिने झाले होते. कात मार्चमध्ये टाकली होती, ती चादरवाल्यांनी टिश्यूपेपरात गुंडाळून जपून ठेवली होती. पाणी रोज बदलायचे, तेही पिण्याचं. 'घरात अजून कुठले प्राणी?' या प्रश्नावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "बायकोची मावसबहीण येऊनजाऊन असती."

चौथ्या प्रश्नाला, म्हणजे खाण्याच्या, सगळी कहाणी बाहेर आली. मुळात ते गेले होते मासे आणायला. मुलगा पुण्याला नोकरीला, घरात दोघंच. बायको म्हणाली, एखादी टाकी आणा, घरात काहीतरी हलतं-फिरतं दिसेल. हे दुकानात अर्धा तास मासे बघत बसले. "अक्का, मासे नुसते फिरतेत की. आपल्याकडं बघत न्हाईत." तेवढ्यात मासेवाल्यानं कोपऱ्यातल्या पेटीतला साप काढून सहज त्यांच्या हातावर दिला. साप मनगटाभोवती फिरला आणि तिथंच थांबला. "घड्याळ बांधल्यावानी." तासाभरानं ते साप घेऊन घरी.

बायकोनं उंबऱ्यातच तीन अटी घातल्या. एक, साप स्वयंपाकघरात येणार नाही. दोन, त्याचं खाणं घरात येणार नाही. ज्या घरात अंडं चालत नाही तिथल्या फ्रीजमध्ये उंदीर ठेवायचा प्रश्नच नव्हता. म्हणून दर दहा दिवसांनी हे सापाला अभ्र्यात घालून स्कूटरवरून मासेवाल्याच्या दुकानात न्यायचे. तो खाऊ घालायचा, आणि तेवढा वेळ हे बाहेर रस्त्याकडे तोंड करून उभे राहायचे.

"आणि तिसरी?"

चादरवाल्यांनी अभ्र्यावर हात ठेवला. "आजारी पडला तर त्या दिवशी घराबाहेर. आजारपण काढायला ती ह्या घरात एकटी आली न्हाई, म्हणती. माझ्या आईचं काढलं, वडलांचं काढलं, आता सापाचं काढणार न्हाय."

यात चूक काढण्यासारखं मला काही दिसलं नाही.

"पण अक्का," ते पुढे सरकले, "बारीक बघा. *आजारी पडला तर*, असं म्हणली ती. ह्यानं आजारीच विकला असंल, तर आमच्या घरात पडला कुटं? आधीच पडलेला हुता की. मग अट कुटं मोडली?"

मी पेन खाली ठेवलं. इतकी वर्षं मी भांडणं ऐकते आहे, पण 'पडला' आणि 'होता' या दोन क्रियापदांवर उभं राहिलेलं हे पहिलंच.

"मालक, चार महिने झालं," मासेवाला म्हणाला. "चार महिने सर्दी आत बसून काय करत हुती?"

"वाट बघत हुती. तुझी गॅरंटी संपायची."

"बरं बाबा. आजारी हुता म्हणतो. द्या हिकडं. घेऊन जातो, बरा करतो, तुमाला दुसरा देतो. त्याच्याहून झ्याक."

चादरवाल्यांनी अभ्रा उचलून मांडीवर घेतला. "दुसरा? चादर हाय का ती, बदलून घ्यायला?"

"चादर तरी कुटं बदलता तुमी? बहिणीच्या लग्नात सहा नेल्या, एकीचा रंग पहिल्या पाण्यात गेला. परत आणली तर तुमी वर बोट केलं. हीऽऽ एवढी पाटी हाय: विकलेला माल परत घेतला जाणार नाही."

"त्येच म्हणतोय की मी! परत घे म्हणलं का तुला? घेऊ नको. नुसतं आजारी हुता म्हण."

"म्हणजे मी लबाड बी, आनि साप तुमच्याकडंच?"

"व्हय."

मासेवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी यादीकडे बघितलं. अकरा प्रश्न संपले होते, आणि भांडण जिथं होतं तिथंच होतं. मासेवाल्याची अडचणही खोटी नव्हती. आजारी जनावर विकलं असं एकदा तोंडातून गेलं की नवी पेठेत ते दुपारच्या चहाला पोचतं. मग त्याच्या दुकानातून कुणी गप्पी मासासुद्धा नेला नसता. आणि चादरवाल्यांचं तर उघडच होतं: घरात पडला म्हटलं तर साप जाणार, दुकानात पडला म्हटलं तरी हा परत नेणार. दोन्हींच्या मधली एक चिंचोळी वाट त्यांनी शोधली होती, आणि तिच्यावर मासेवाल्यानं पायघडीसारखं पसरावं अशी त्यांची इच्छा होती.

मी कूलरमध्ये आणखी एक कळशी पाणी ओतलं आणि चहा मागवला.

अकराला डॉक्टर आले. चपलांवर वळसंगची धूळ, शर्टाला मेंढीची लोकर. दारातच थांबले. त्यांनी भांडणारे बघितले नाहीत, मला बघितलं नाही. अभ्रा बघितला, मग त्याच्यासमोर फरफरणारा कूलर बघितला.

"हा कुणी लावला?"

"मी. दीड तास भांडतायत."

डॉक्टरांनी कूलर बंद केला. एकदम शांतता झाली आणि त्या शांततेत सापाची शिट्टी सगळ्यांना नीट ऐकू आली. नळी लावून त्यांनी सापाची छाती ऐकली. सापाला छाती किती लांब असते हे मी अजून विचारलेलं नाही. मग चादरवाल्यांना विचारलं, "घरी याची पेटी कुठं असते?"

चादरवाल्यांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. "कूलरसमोर, डॉक्टर! त्याला स्वतंत्र कूलर घेतलाय. बारका. आमचा दोघांचा एक, त्याचा एक. वाळ्याचे पडदे लावलेत. मार्चपासनं दिवसरात्र चालू हाय. एक मिनिट बंद न्हाय. करंट गेला तर मी हातानं वारा घालतो."

डॉक्टर मासेवाल्याकडे वळले. "खायला आणतात तेव्हा तुझ्या दुकानात?"

"मालक उन्हातनं घामाघूम हून येतेत. कूलरपाशीच बसवतो की." तो बोलता बोलता हळू झाला. "...साप बी तितंच असतो."

"साप थंड रक्ताचा प्राणी आहे—" डॉक्टरांनी सुरुवात केली.

"म्हणूनच की!" चादरवाले उठून उभे राहिले. "थंड रक्ताचा म्हणल्यावर थंडच ठेवायला पायजे. ह्यानंच सांगितलं हुतं, थंड रक्ताचा हाय म्हणून."

"थंड रक्ताचा हाय म्हणलं. गार करा म्हणलं का?"

डॉक्टरांनी समजावलं. आपल्या अंगात शेगडी असते, सापाच्या नसते. त्याला स्वतःची ऊब करता येत नाही. खोली जी देईल ती तो घेतो. याच्या मुलखात असते तशी तीस-बत्तीसची कोरडी ऊब याला लागते. यांनी दिला गारवा आणि ओल, दोन महिने, दिवसरात्र. त्यानं तेच घेतलं, आणि ते छातीत बसलं.

चादरवाले खाली बसले. "म्हणजे मीच केलं," ते म्हणाले. "माया करून केलं." आणि सापाकडे बघून परत हळूच, "पाप."

या वेळी ते कुठल्या भाषेत म्हणाले, मला सांगता आलं नसतं.

मला माझी यादी दिसत होती. प्लॅस्टिकमध्ये घातलेली, अकरा प्रश्नांची. पाण्याचा प्रश्न होता, पेटीच्या लाकडाचा होता, मावसबहिणीला जागा होती. कूलर कुठं आहे, हा प्रश्न नव्हता. सोलापुरात मार्च लागला की पाहुण्याला पाणी नंतर आणि कूलर आधी. घराला छप्पर आहे का, असं कुणी विचारत नाही, तसंच हे. चादरवाल्यांनी दोन महिने त्याला गार ठेवलं, मासेवाल्यानं दर दहा दिवसांनी तास-अर्धा तास, आणि मी त्या सकाळी दीड तास, वर एक कळशी जास्तीची. आरोपी तीन होते, आणि तिसरी चौकशी अधिकारी होती.

मी ते दोघांना सांगितलं. मासेवाला पहिल्यांदा हसला. "मंग अक्का, तुमचं बी नाव लिवा की."

लिहिलं.

उपचार असा ठरला: दर तिसऱ्या दिवशी एक इंजेक्शन, एकूण सात. कूलर बंद. साप जिन्याखालच्या खोलीत. तिथं भिंती जाड, ऊन थेट येत नाही, आणि चादरवाल्यांच्या सांगण्याप्रमाणे कुरडया-पापडांचे डबे सोडले तर काही नाही. उष्णतामापक टांगायचा आणि दिवसातून तीनदा आकडा लिहायचा, सकाळी सात, दुपारी दोन, संध्याकाळी सात. मी रेघा मारून तक्ता दिला.

सगळं घेऊन ते उठले आणि टेबलापाशी घुटमळले. "अक्का, चिठ्ठीवर आजारी हा शब्द लिवू नका की. तेवढा गाळा."

"खोटं नाही लिहिणार मी."

"खोटं नको. कमी लिवा."

मी विचार केला आणि निदानाच्या पुढे लिहिलं, 'गारठा.' शब्द खरा होता. डॉक्टरांचा चष्मा वळसंगच्या एका पिंपळाखाली राहिला होता. त्यांनी न वाचता सही केली.

तासाभरात फोन आला. बाईमाणसाचा आवाज, ठाम.

"चिठ्ठी तुमी लिवलीय का?"

"हो."

"गारठा?"

"हो."

"सोलापुरात?"

मी पेनाला टोपण लावलं.

"एप्रिलमधी?" पलीकडे भांड्यांचा आवाज आला. "बाई, आजारी पडला असं सरळ लिवायला शाई संपली हुती का? ह्यांनी सांगितलं असंल. मला सगळं कळतंय. सात इंजेक्शनं हुईस्तोवर ऱ्हाऊ दे. अर्ध्यात काढला तर मरंल, ते डोक्याला नको. सातवं झालं की अट म्हणजे अट. त्या मासेवाल्याला सांगा, पेटी घेऊन यायला."

मी निरोप नोंदवला आणि दिला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

मग तीन आठवडे त्यांची फेरी सुरू झाली. मासेवाला दुकान उघडायच्या आधी यायचा, कारण चादरवाल्यांना सुई बघवत नव्हती. सापाचं डोकं तो धरायचा आणि चादरवाले भिंतीकडे तोंड करून लाळ्या-खुरकूत रोगाचा तक्ता वाचायचे. तिसऱ्या इंजेक्शनापर्यंत तो त्यांना पाठ झाला. बाहेर पडले की दोघं समोरच्या टपरीवर चहा प्यायचे, आणि 'आजारीच हुता' आणि 'चार महिन्यांनी?' हे अजून चालायचं, पण आता दोघं ते जेवणानंतर सुपारी चघळावी तसं चघळत होते.

दर वेळी मी भरलेला तक्ता परत घ्यायचे आणि नवा द्यायचे. पहिला चादरवाल्यांच्या हातचा. आकडे मुंग्यांसारखे, आणि एका ठिकाणी आकड्याच्या जागी 'बरं हाय'. मी त्यांना बोलले. दुसराही तसाच. तिसरा हातात घेतला आणि मी खुर्चीत सरळ झाले.

सकाळचे आणि संध्याकाळचे आकडे मुंग्याच. दुपारी दोनचे मात्र निळ्या शाईत, सुबक, एकाखाली एक. एवढंच नव्हे. कडेला पट्टीनं रेघ मारून एक नवा रकाना केला होता. वर लिहिलं होतं: शिट्टी. खाली रोजची नोंद: 'मोठी.' 'मोठी.' 'मध्यम, अधूनमधून.'

मी क्षणभर जळले. हा रकाना माझ्या तक्त्यात असायला हवा होता. साप बरा होतोय की नाही हे भिंतीवरच्या उष्णतामापकाला काय कळणार?

"दुपारी दोनला घरी असता का?" मी चादरवाल्यांना विचारलं.

"दुपारी? न्हाय, दुकानात."

"मग हे कोण लिहितं?"

त्यांनी तक्त्याकडे बघितलं, मग दाराकडे, मग आवाज खाली आणला. "मी संध्याकाळी बघतो तवा लिवलेलं असतं. मी विचारलं न्हाय अक्का. तुमी बी विचारू नका. विचारलं की बंद हुईल."

पाचव्या तक्त्यावर शिट्टीच्या रकान्यात होतं: 'नाही.' 'नाही.' 'नाही. आज पाणी प्यायला, मान खाली घालून, बराच वेळ.' दुपारी दोनला ज्याला शिट्टी ऐकू येते त्याला पंखा बंद करून बसावं लागतं, हे मला माहीत होतं. मी घरी करून बघितलं होतं. चार मिनिटं टिकले.

सातव्या इंजेक्शनाला त्या स्वतः आल्या. इरकल साडी, हातात कापडी पिशवी. चादरवाले मागे, अभ्रा छातीशी. मासेवाला आधीच येऊन थांबला होता. रिकामी पेटी त्याच्या पायाशी होती आणि ती लपवायला जागा नसल्यासारखा तो तिच्यापुढे उभा होता.

डॉक्टरांनी सापाची ती लांबलचक छाती ऐकली, तोंड उघडून बघितलं, सुई दिली. "साफ आहे," म्हणाले. "आता खायला द्यायला हरकत नाही." आणि हात धुवायला आत गेले. असल्या वेळी ते नेहमी हात धुवायला आत जातात.

"झालं न्हवं?" बाई म्हणाल्या. "मग पेटीत घाला."

चादरवाल्यांनी अभ्रा धरला होता आणि ते रोगांचा तक्ता वाचत होते, जो त्यांना पाठ होता. क्रियापदांचा वाद त्यांनी काढला नाही. 'होता' नाही, 'पडला' नाही. मासेवाला म्हणाला, "वैनी, माझ्याकडं बी बरा ऱ्हाईल," पण ते त्यानं पेटीला सांगितल्यासारखं सांगितलं.

मी वहीतून ते सगळे तक्ते काढले आणि टेबलावर मांडले, ओळीनं.

"बाकीचं राहू दे," मी म्हणाले. "मला एवढंच विचारायचंय, हा शिट्टीचा रकाना कुणी काढला? तो मी आता सगळ्यांना देणार आहे."

बाईंनी तक्त्यांकडे बघितलं. स्वतःच्या अक्षराकडे माणूस बघतो तसं, चुका शोधत.

"मग काय करणार?" त्या म्हणाल्या. "नुसत्या आकड्यानं काय कळतंय? ह्यांनी तर तिसऱ्याच दिवशी बरं हाय लिवून ठेवलं. आवाज ऐकायला लागतो. पापड काढायला गेले तर ऐकू आला. मग रोज ऐकायला लागलं."

"पंखा बंद करून?"

"चालू ठेवून ऐकू येतंय हुय?"

"किती वेळ?"

"अर्धा तास तरी. कधी वाजती, कधी न्हाय." त्यांनी पदरानं मान पुसली, जणू आत्ताही त्या खोलीतच होत्या. "घाम नुसता."

त्याच वेळी अभ्र्याच्या सैल गाठीतून डोकं बाहेर आलं. तोंड मिटलेलं, नाक कोरडं. जीभ एकदा बाहेर, एकदा आत. त्यानं चादरवाल्यांकडे बघितलं नाही. मासे आपल्याकडे बघत नाहीत आणि साप बघतात, हा चादरवाल्यांचा दावा मला कधीच पटला नव्हता. पण त्या वेळी डोकं बाईंच्या बाजूलाच होतं, हे नोंदवायला हवं.

बाई थोड्या पुढे वाकल्या. हात लावला नाही.

"पाप," त्या म्हणाल्या.

चादरवाल्यांनी तक्ता वाचणं थांबवलं. मासेवाल्यानं पायानं हळूच पेटी बाकाखाली सारली. माझ्या हातात पेन होतं.

"कुठलं लिहू?" मी विचारलं. "मराठीतलं की कानडीतलं?"

"तुमाला काय पायजे ते लिवा," बाई म्हणाल्या आणि पिशवी खांद्याला लावली. मग नवऱ्याकडे वळल्या. "आनि फ्रीजमधी उंदीर येणार न्हाय, ते तसंच. जिन्याखालीच ऱ्हाईल तो. पापड मी वर नेते."

"आनि त्याचा कूलर?" चादरवाल्यांनी विचारलं. इतका बारीक आवाज मी त्यांच्याकडून ऐकला नव्हता.

"सैपाकघरात लावलाय मी, कवाच. लगीन झाल्यापासनं मागतेय, तवा मिळाला न्हाय. सापाला मात्र न मागता आला." त्या दाराकडे निघाल्या. "चला. उन्हाच्या आत घरी पोचू दे त्याला. आनि स्कूटर हळू घ्या."

ते गेल्यावर मासेवाल्यानं बाकाखालची पेटी काढली, झटकली आणि हसत निघून गेला. मी यादी प्लॅस्टिकमधून बाहेर काढली आणि खाली बारावा प्रश्न हातानं लिहिला: कूलर कुठं आहे? मग नोंदवहीत चादरवाल्यांचं पान उघडलं. तक्रारीच्या रकान्यात खोडलेला तो शब्द अजून वाचता येत होता. शेवटच्या, निकालाच्या रकान्यात मी तोच परत लिहिला, 'पाप', आणि पुढच्या माणसाचा घोटाळा नको म्हणून शेजारी कंसात: कानडी.